जुनी जीप पारखतांना

बैलबाजारांत उभा राहिलेला मराठवाड्यांतील शेतकरी सहसा फसत नाहीं. लाल कंधारी अगर देवणी खोंड कितीहि देखणा असला, तरी तो प्रथम त्याचा जबडा उघडून दांत मोजतो. आदत आहे, दोनदांती आहे, कीं जुळलेला आहे, याची खात्री करून घेतो. खूर पाहतो, चालवून पाहतो, औताला जुंपून पाहतो, आणि मगच रुमालाखालीं दलालाच्या हातांत हात देतो. हाच मनुष्य जुनी मोटार घ्यावयास गेला म्हणजे मात्र रंगाच्या तकाकीवर आणि आसनांच्या नव्या खोळींवर भुलतो. बैलाची परीक्षा त्याला वाडवडिलांनीं शिकविली. मोटारीची कोणीं शिकविली नाहीं, एवढाच त्याचा दोष. ही दुसरी विद्याहि फारशी अवघड नाहीं. चारहि चाकांना इंजिनाचा जोर पोंचविणारी, म्हणजे लोक जिला ‘फोर-व्हील’ म्हणतात ती जीप जुनी घ्यावयाची असल्यास मात्र ही विद्या अवगत असलीच पाहिजे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून निराळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पांच तालुके. पैनगंगा, कयाधू व पूर्णा या त्याच्या नद्या. येथील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळून दगडासारखी टणक होते. तीच पावसाळ्यांत फुगते आणि चाकाला अशी लिंपते कीं, टायरच्या खांचा बुजून चाक म्हणजे मातीचा गुळगुळीत गोळा बनून जातें. मोठे रस्ते डांबरी झाले, तरी पाणंदींतून आणि वस्तीवरून रोगी किंवा बाळंतीण दवाखान्यांत न्यावयाची वेळ भर पावसांतच येते. अशा वाटांसाठीं जीपची ओढ वाटणें साहजिक आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं जन्मलेली ही गाडी स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास महिंद्र कंपनीनें मुंबईंत जोडावयास आरंभ केला. पुढें १९८५ सालीं मारुतीची जिप्सी, २००० सालीं बोलेरो, २००२ सालीं स्कॉर्पिओ आणि २०१० सालीं थार अशी ही परंपरा वाढत गेली. जिप्सीचें उत्पादन आतां थांबलें आहे. म्हणून ती घेणाऱ्यानें तिचे सुटे भाग जवळपास कोठें मिळतात, याची चौकशी आधीं करावी.

परंतु गाडी पाहण्यापूर्वीं आपलें काम पाहावें. पुढील चाकांना जोर देण्यासाठीं जास्तीचा शाफ्ट, जास्तीचे गियर व सांधे लागतात. त्यांचें वजन बारमहा वाहावें लागतें, त्यांना वेगळें तेल लागतें, आणि दुरुस्तीहि महाग पडते. ज्याचें शेत सडकेला लागून आहे आणि ज्याच्या दारीं ट्रॅक्टर उभा आहे, त्याला साधी, मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी बहुधा पुरते. वर्षांतून दोन वेळांच चिखल तुडवावयाचा असेल, तर त्यासाठीं हळदीचें सारें उत्पन्न घालविण्यांत शहाणपण नाहीं.

येथें एक अडचण मुद्दाम ध्यानांत घेतली पाहिजे. हळद काढून, उकडून, वाळवून ती हिंगोली किंवा वसमतच्या बाजारांत विकली जाईपर्यंत चैत्र-वैशाख उजाडतो. हातांत पैसा येतो तो तेव्हां, आणि गाडीचा सौदाहि तेव्हांच होतो. त्या दिवसांत रस्ते कोरडे व जमीन कठीण असते. पुढच्या चाकांना जोर पोंचतो कीं नाहीं, हें आपोआप कळण्याचा संभवच नसतो. तें कळतें आषाढांत, ओढ्याच्या उतारावर, गाडींत रोगी असतांना. म्हणून ही परीक्षा उन्हाळ्यांतच मुद्दाम घडवून आणली पाहिजे.

पहिली गोष्ट, नांवावर विसंबूं नये. बाजारांतील बहुसंख्य बोलेरो आणि स्कॉर्पिओ गाड्या केवळ मागच्या चाकांवर चालतात. २०२३ सालापासून थारहि तशा प्रकारची मिळूं लागली आहे. म्हणून मुख्य गियरशेजारीं दुसरा लहान दांडा किंवा २एच, ४एच, ४एल अशा खुणांची कळ आहे काय, हें पाहावें. आणि मग खालीं वाकून, मधल्या गियरपेटीपासून पुढच्या आंसापर्यंत शाफ्ट गेला आहे काय, हेंहि पाहावें. कांहीं मालक डिझेल वांचविण्यासाठीं किंवा बिघाड झांकण्यासाठीं हा पुढचा शाफ्टच काढून ठेवतात. दांडा जागेवर असतो, पण त्याच्या पलीकडे कांहीं नसतें.

यानंतर गाडी नांगरलेल्या ढेकळांत किंवा नदीच्या कोरड्या वाळूंत न्यावी. कांहीं जुन्या गाड्यांत पुढील चाकांच्या मधोमध असलेली हबची कळ आधीं हातानें फिरवावी लागते. तें विसरूं नये. फोर-व्हील लावून गाडी सावकाश चढावर घ्यावी आणि एका माणसानें बाहेर, बाजूला उभें राहून पुढचीं चाकें माती मागें फेंकतात काय, हें निरखावें. ४एल म्हणजे हळू चालीचा जोरकस गियर. तो लावून तीव्र चढ चढतांना दांडा उसळून बाहेर येऊं लागला, किंवा खालून खडखडाट ऐकूं आला, तर गियरपेटी झिजली आहे असें समजावें. अशा बहुतेक गाड्यांत फोर-व्हील लावून कठीण जमिनीवर आंखूड वळण घेतलें असतां गाडी अडखळते. कारण वळतांना पुढच्या चाकांना जास्त अंतर कांपावें लागतें आणि दोन्ही आंस एकत्र जखडलेले असतात. हें अडखळणें पुढचा आंस काम करीत असल्याची खूण होय. मात्र ही परीक्षा क्षणभरच करावी. डांबरी रस्त्यावर तशीच गाडी हांकल्यास सांधे तुटतात. चारहि टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत, त्याचेंहि कारण हेंच आहे.

इंजिन थंड असतांनाच सुरू करावें. गिऱ्हाइकानें येण्यापूर्वींच तें तापवून ठेवलें असल्यास दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां यावें. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. दाट काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाहीं. इंजिन तापल्यावरहि पांढरा धूर थांबत नसेल, तर रेडिएटरचें पाणी आंत शिरत असण्याचा संशय घ्यावा. इंजिन चालू असतांना तेल भरण्याचें झांकण सैल केल्यावर जोराचे झोत बाहेर पडूं लागले, तर पिस्टन व रिंगा थकल्या आहेत. मग चेसिसकडे वळावें. काळा चिखल तिच्या पोकळींत वर्षानुवर्षें दबून राहतो आणि आंतून लोखंड खातो. समुद्रकांठीं वापरलेल्या गाडीचा गंज तर अधिकच खोल असतो. हातोडीनें हलकेच ठोकून पाहावें, आणि नवा काळा रंग जेथें दाट दिसेल तेथें जोडकाम आहे काय, हें अवश्य शोधावें.

जितकी परीक्षा लोखंडाची, तितकीच कागदांची. आर. सी. वरील इंजिन व चेसिसचे आंकडे गाडीवर खोदलेल्या आंकड्यांशीं ताडून पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षें चालते. त्यानंतर तपासणी होऊन ५-५ वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. हेच गाडीचे दांत होत. कर्ज असेल, तर बँकेचा दाखला व ३५ क्रमांकाचा फॉर्म, परराज्यांतील असेल तर २८ क्रमांकाचा ना-हरकत दाखला, आणि हस्तांतरासाठीं २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म हवेत. एम.एच. ३८ ही हिंगोलीची खूण; पण खूण आपल्या जिल्ह्याची असली म्हणजे कागद चोख असतात असें नाहीं. घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत नांव बदलून घ्यावें, आणि विम्यासाठीं १४ दिवसांच्या आंत अर्ज करावा. विकणाऱ्याचेंहि हित यांतच आहे. कारण कागदोपत्रीं ज्याचें नांव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. निरनिराळ्या गाड्यांचे भाग जुळवून नटविलेल्या जीपगाड्यांपासून तर दूरच राहावें. कंपनीनें दिलेल्या मूळ बांधणींत असे फेरफार करतां येत नाहींत, असें त्याच न्यायालयानें २०१९ सालीं स्पष्ट केलें आहे.

ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, आणि त्याची मजुरी आपणच द्यावी; म्हणजे तो दुसऱ्याच्या बाजूनें बोलणार नाहीं. कागद तपासल्याशिवाय विसार देऊं नये.

आणि गाडी उत्तम मिळाली, तरी तिच्या शक्तीची मर्यादा जाणावी. चार चाकांचा जोर गाडीला चिखलांतून बाहेर काढतो. ती लवकर थांबविण्याच्या कामीं त्याचा कांहीं उपयोग नाहीं. वाहतें पाणी फूटभर चढलें कीं लहान मोटार तरंगूं लागते, आणि दोन फुटांचा लोंढा जड जीपलाहि लोटून नेऊं शकतो. साध्या गाडीचा मालक ओढ्याच्या कांठीं थांबतो. बिघडलेल्या फोर-व्हीलचा मालक मात्र तिच्या भरंवशावर पाण्यांत शिरतो. म्हणून उन्हाळ्यांत एक दिवस मोडून केलेली पारख ही केवळ पैशाची राखण नव्हे. ती करून घेतलेल्या गाडीचा धनीहि पुलावरून पाणी जात असेल, तर अलीकडेच गाडी उभी करून पूर ओसरण्याची वाट पाहील, तरच ती जीप घरच्या माणसांच्या उपयोगीं पडेल.