कोरडवाहू द्राक्ष, पाच पिढ्या आणि गावाचे नाव

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज मी द्राक्षाबद्दल बोलणार आहे, तेही वाइनच्या द्राक्षाबद्दल. समोर बसलेल्यांत द्राक्षाची बाग असलेला एखादाही निघायचा नाही. आपण कापूस-ज्वारीवाले, आभाळाकडे बघून पेरणारे. शिवाय दारूचे नाव निघाले की मायबहिणींच्या कपाळाला आठ्या पडतात. पडायलाच हव्यात. दारूने किती संसार धुळीला मिळवले, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. मी दारू प्या म्हणायला आलेलो नाही आणि द्राक्ष लावा म्हणायलाही आलेलो नाही. एका शेतकरी कुटुंबाची हकीगत सांगायची आहे. ती ऐका आणि मग आपल्या कापसाच्या गाडीकडे बघा.

ही हकीगत फ्रान्सच्या दक्षिणेची. मी तिथे गेलेलो नाही. वाचून समजले ते सांगतो. ऱ्होन नदीच्या काठी शातोनफ-द्यु-पाप नावाचे गाव आहे. चौदाव्या शतकात पोप जवळच्या आविन्यों शहरात राहत, त्यांचा किल्ला या गावात होता, म्हणून हे नाव. जमीन कशी? वरून बघाल तर शेत नव्हे, नदीचे पात्र वाटेल. बऱ्याच ठिकाणी गोल गोटे. आपल्याकडे कोणी असल्या जमिनीचा सातबारा फुकट दिला तरी घेणार नाही. उन्हाळा कोरडा. मांडव नाही, बहुतेक वेली झुडपासारख्या छाटून उभ्या केलेल्या. नेहमीसारखे पाणी द्यायला त्या गावात नियमानेच मनाई; फार कडक दुष्काळ पडला तर परवानगी मागावी लागते. म्हणजे ही बाग आपल्यासारखीच कोरडवाहू.

माल आपला, नाव दुसऱ्याचे

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या गावाची अवस्था काय होती? १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने याच भागातून फ्रान्समध्ये शिरकाव केला आणि देशभरातल्या बागा बसवल्या. शेवटी अमेरिकन खुंटावर कलम बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या. पण भाव? गावाची वाइन पिंपे भरभरून वर उत्तरेला, बर्गंडीच्या व्यापाऱ्यांकडे जायची. त्यांची वाइन पातळ, हिची दणकट. ते यांची वाइन त्यांच्यात मिसळायचे आणि बाटलीवर नाव लावायचे बर्गंडीचे. माल याचा, नाव त्याचे, पैसाही त्याचाच. ओळखीची वाटते ना गोष्ट?

शेजारच्या लांगदोक भागात तर साखर आणि पाणी घालून केलेल्या खोट्या वाइनने बाजार भरला आणि भाव कोसळले. १९०७ साली तिथला द्राक्षवाला रस्त्यावर आला. ९ जूनला माँपेलिए शहरात लाखोंचा मोर्चा निघाला. नार्बोनला सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. शेतकऱ्यांचीच पोरे असलेल्या १७ व्या पलटणीने बंड केले. त्याच महिन्याच्या अखेरीस भेसळीविरुद्ध कायदा झाला. आंदोलनाशिवाय तिथेही काही मिळालेले नाही.

या धामधुमीनंतर दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, पिएर त्रामिए नावाच्या गृहस्थाने शातोनफमधला बोकास्तेल हा मळा घेतला. पुढे तो जावयाकडे, पिएर पेरँकडे आला. तेव्हापासून आजपर्यंत तो याच घरात आहे.

आधी स्वतःवर बंधन

१९२३ साली गावातले द्राक्षवाले बॅरन ल रुआ या वकिलाकडे गेले. तो स्वतः गावातला बागायतदार. आमचे नाव वापरून कोणीही काहीही विकतो, आमच्यासाठी लढा, म्हणाले. त्याने अट घातली: लढतो, पण आधी तुम्ही स्वतः सचोटीने वागून दाखवा.

गावाने स्वतःसाठी नियम केले. ज्या माळावर थाइम आणि लॅव्हेंडर ही काटक झुडपे येतात तीच जमीन खरी. खालच्या भारी जमिनीतल्या द्राक्षाला गावाचे नाव नाही. वाण ठरलेले. वाइन कमीत कमी अमुक इतकी कडक. आलेल्या मालातला खराब भाग काढून टाकायचा म्हणजे टाकायचाच. असे नियम करून मग ते कोर्टात गेले. निकाल पदरात पडायला १९३३ उजाडले. १९३६ मध्ये सरकारने या नियमांना कायद्याचे रूप दिले, आणि गावाच्या नावाने माल विकण्याचा हक्क गावाचाच राहिला. सरकारी नियम शेतकऱ्यांनी पाळले असे इथे घडलेले नाही. शेतकऱ्यांनी केलेले नियम सरकारला पाळावे लागले.

आता पिकाचा हिशेब बघा. नियमाप्रमाणे हेक्टरी ३५ हेक्टोलिटरच वाइन काढता येते, म्हणजे एकरी १४०० लिटर. त्याला द्राक्ष लागते एकरी दोन टनांच्या आत. नाशिककडचा बागायतदार आठ-दहा टनांच्या गोष्टी करतो. तो म्हणेल, हा धंदा बुडणार. पण बुडाला नाही, कारण द्राक्ष विकले जात नाही. ते घरच्या तळघरात आंबते, मुरते, बाटलीत भरते आणि गावाचे व घराचे नाव लावून बाहेर पडते.

विष कोणाला सोडता येते?

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्येही रासायनिक खते आणि तणनाशके यांची लाट आली. पेरँ घराण्यातल्या झाक पेरँने १९५० च्या दशकापासून त्या वाटेने जायचे नाकारले. वखरपाळी आणि कंपोस्ट यांच्यावर भर दिला. परवानगी असलेले तेराही वाण मळ्यात ठेवले. एका वाणाला हवामान मानवले नाही तर दुसरा तारतो. आपले आजोबा कापसात तुरीचे तास घालायचे, त्यातलेच हे शहाणपण. त्या वेळी सेंद्रिय मालाचा शिक्का नव्हता, अनुदान नव्हते. सरकारने अशा शेतीला कायद्याने मान्यता दिली १९८० मध्ये.

इथे एक खुलासा केला पाहिजे. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. सेंद्रिय द्राक्षालाही गंधक आणि मोरचूद मारावे लागते. मोरचूदाचे तांबे मातीत साठते, म्हणून युरोपात २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे. शिवाय त्या गावाला मिस्त्राल नावाच्या कोरड्या वाऱ्याची साथ आहे. पाने लवकर सुकतात, बुरशी कमी धरते.

मग झाक पेरँला विष सोडणे का परवडले? तो आपल्यापेक्षा पुण्यवान होता म्हणून नाही. पीक दोन आणे कमी आले तरी बाटलीचा भाव ठरवणे त्याच्या हातात होते, म्हणून. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. ती माणसे अडाणी होती म्हणून गेली, असे शहरात बसून बोलणाऱ्यांना मी विचारतो: ज्याचा भाव दुसरा ठरवतो, त्याच्या हातात एकरी क्विंटल वाढवण्याखेरीज उरते काय? बोंडअळीत क्विंटलभर गेला तर त्याचे वर्ष गेले. आधी भाव, मग विषमुक्ती. हा क्रम उलटा करून चालणार नाही.

आपण काय घ्यायचे?

कोणी म्हणेल, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा मळा शंभर हेक्टरांचा. बरोबर आहे. पण त्या गावच्या सुमारे ३२०० हेक्टर बागा शेकडो घरांत वाटलेल्या आहेत, आणि नाव सगळ्यांचे मिळून आहे. नियमही सगळ्यांना सारखाच. आणि वाटण्यांचे म्हणाल, तर झाकनंतर झाँ-पिएर आणि फ्रांस्वा या दोघा भावांनी मळा एकत्र चालवला. आता पाचव्या पिढीतली चुलत भावंडे, त्यांत मुलगीही, एकत्र काम करतात. आपल्याकडे पाच पिढ्यांत पन्नास एकरांचे दोन एकर होतात आणि बांधावरून कोर्ट सुरू होते.

आपण कापूस विकतो. क्विंटलभर कापसात ३३ ते ३५ किलो रुई, बाकी बहुतेक सरकी. सरकीचे तेल आणि ढेप. हे सगळे आपल्या शेतात तयार होते आणि आपण ते एका भावात, एका काट्यावर देऊन मोकळे होतो. पुढे त्या रुईला कोणाचे नाव लागते? तुमच्या गावाचे तर नाहीच.

ज्वारीचे एक उदाहरण घरातच आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव मिळाले, चांगले झाले. पण कागदावरचे नाव म्हणजे अर्धीच लढाई. ते राखायचे असेल तर दुसरीकडची ज्वारी त्या नावाच्या पोत्यात जाता कामा नये, आणि हे राखण्याचे काम कोणी इन्स्पेक्टर करणार नाही.

आता कडू बोलतो. गाडी भरताना कापसावर पाणी कोण मारते? तळाशी कवडी आणि वर पांढराशुभ्र कापूस कोण लावतो? व्यापारी काट्यात मारतो म्हणून आपण पाण्यात मारतो, हे मला माहीत आहे. पण या खेळात शेवटी जिंकतो तोच. तो सगळ्यांनाच ओल्या मालाचा भाव लावतो आणि सचोटीचा शेतकरी फुकट मरतो. शातोनफच्या लोकांना त्यांच्या वकिलाने पहिल्या दिवशी हेच सांगितले होते.

म्हणून या मेळाव्यातून जाताना एक काम घेऊन जा. पुढच्या वेचणीच्या आधी गावातल्या दहा घरांनी बसून एका कागदावर तीन नियम लिहावेत. वाण एकच. कवडी वेगळी वेचायची. पाणी मारायचे नाही. मोडणाऱ्याचा माल या ढिगात नाही, मग तो सख्खा भाऊ असो. दहा घरांचा ढीग एकत्र करा, भाड्याने रेचा करून घ्या, रुई वेगळी, सरकी वेगळी विकून बघा. एका वर्षात कोणी श्रीमंत होणार नाही. पण तुमच्या गावाचा माल कसा असतो, हे बाजारात पहिल्यांदा कोणाला तरी कळेल.

भावासाठी सरकारशी भांडायचे ते भांडूच. ती लढाई सुटलेली नाही. पण ज्या मालाला नाव नाही, त्याच्यासाठी लढायलाही जड जाते. नाव बाजारात विकत मिळत नाही. ते राखावे लागते, आणि राखायची सुरुवात आपल्याच गाडीपासून होते.

एवढे बोलून मी थांबतो.