पालकाचे चार विचार : प्रवास, पाणी, गाणे आणि घर

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कर्वेनगर, पुणे येथे केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतली आणि अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकविले, एवढीच आमची पुंजी. कार्यकारी मंडळाने ‘पालकांशी चार शब्द बोला’ अशी आज्ञा केली, तेव्हा आम्ही ते चार शब्द मोजूनच आणले आहेत : प्रवास, पाणी, गाणे आणि घर. वरवर पाहता यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. परंतु मुलांना कोठे पाठवावे, त्यांच्यासाठी छप्पर कोठे घ्यावे, त्यांच्या हाती पुस्तकाखेरीज आणखी काय द्यावे, हे प्रश्न आपल्या प्रत्येक घरात जेवणाच्या वेळी निघतातच. त्यांविषयी आमची जी साधी मते झाली आहेत, ती आपणांपुढे ठेवतो.

प्रथम प्रवास. आज आपण ज्या भूमीवर जमलो आहोत ती पूर्वीचे हिंगणे बुद्रुक होय. येथील ओसाड माळावर १९०० साली अण्णासाहेब कर्वे यांनी आपला आश्रम आणला. पुढे या वस्तीला त्यांचेच नाव मिळाले. अण्णासाहेब येथून पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास पायी जात आणि पायीच परत येत. चालण्याची ही सवय त्यांना लहानपणीच लागली होती. १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते कोकणातील मुरूडहून सह्याद्री चढून साताऱ्यास पायी गेले, आणि ‘हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही’ म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. एवढी पायपीट व्यर्थ गेली. पण प्रवासाचा उत्साह काही गेला नाही. १९२९ साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, हाच पुरुष युरोपच्या दौऱ्यास निघाला. त्यांच्या स्नुषा इरावतीबाई यांनी विवाहानंतर बर्लिनला जाऊन १९३० साली तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

या गोष्टी आपण जयंतीच्या दिवशी भक्तिभावाने ऐकतो. पण आपल्या कन्येस परगावच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला की आपले धैर्य कोठे जाते? मुलाच्या बाबतीत ‘कोणत्या गाडीने जाशील?’ असे आपण विचारतो. मुलीच्या बाबतीत ‘जायलाच हवे का?’ असे विचारतो. या दोन प्रश्नांतील अंतर पुणे-नागपूर अंतरापेक्षा मोठे आहे. आमच्या कन्येस नागपूरला शिक्षणाची संधी आली, तेव्हा घरात आठ दिवस खल चालला. आमच्या सौभाग्यवतींनी शेवटी निकाल दिला : ‘तिला प्रवास शिकवा, म्हणजे भीती आपोआप कमी होईल.’ त्याप्रमाणे आम्ही तिला आधी एकटीने एस.टी.ने साताऱ्यास व नंतर सोलापुरास पाठविले. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून या लाल गाडीने महाराष्ट्रातील लेकीसुनांस जितके धाडस शिकविले, तितके क्वचितच कोणी शिकविले असेल.

प्रवासाचे आमचे नियम तीनच आहेत. आपले सामान आपणांस उचलवेल एवढेच घ्यावे. परतीच्या भाड्याचे पैसे निराळ्या खिशात ठेवावेत. पोहोचल्यावर घरी दोन शब्द कळवावेत. चौथा नियम पालकांसाठी आहे : दर अर्ध्या तासाने दूरध्वनी करून मुलांचा जीव खाऊ नये.

आता पाणी. या विषयास आम्ही अधिक वेळ घेणार आहोत, कारण यात जिवाचा प्रश्न आहे.

आपल्या मुठेच्या वरच्या अंगास आंबी नदीवर पानशेत, मोशीवर वरसगाव आणि खुद्द मुठेवर टेमघर अशी धरणे आहेत. या साऱ्यांचे पाणी खडकवासल्यास येते आणि तेथून ते आपल्या दारावरून जाते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी, बांधकाम पूर्णत्वास गेले नसताना, पानशेतचे मातीचे धरण फुटले. तो लोंढा १८७९ पासून उभ्या असलेल्या खडकवासल्याच्या दगडी धरणासही पेलवला नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला आणि नदीकाठच्या पेठांतील शेकडो वाडे मातीस मिळाले. नगरवासीयांस वेळेवर अधिकृत सूचना मिळाली नव्हती, ही त्या दिवसाची सर्वांत दुःखद गोष्ट होय. आम्ही तेव्हा वर्षाचेही नव्हतो. शनिवार पेठेतील आमच्या बिऱ्हाडातून आईने आम्हांस कडेवर घेतले, वडिलांनी दस्तऐवजांची ट्रंक घेतली, आणि मंडळी पर्वतीकडे निघाली. आईची हार्मोनियम मात्र खुंटीखालच्या कोनाड्यात राहिली. दोन दिवसांनी परतून पाहतात तो कोनाडाही नव्हता आणि भिंतही नव्हती. पुढे सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या, संसार पुन्हा मांडले गेले; परंतु आईने आयुष्यभर टाळांवरच भजन म्हटले, पेटी पुन्हा विकत घेऊ दिली नाही.

‘तो अपघात होता, आता तसे होत नाही,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी पुढील दोन तारखा ध्यानी ठेवाव्यात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यास पूर येऊन वीसहून अधिक माणसे दगावली. तो नदीचा पूर नव्हता, ओढ्याचा होता; म्हणजे नदीपासून दूर राहणारेही निर्धास्त नाहीत. आणि २५ जुलै २०२४ रोजी पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५,००० क्युसेक पाणी सोडले गेले, तेव्हा आपल्या समोरच्या काठावरील सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले व लष्करास पाचारण करावे लागले. त्याच पहाटे डेक्कनजवळील पुलाच्या वाडीत पाण्यात हातगाडी हलविताना विजेचा धक्का बसून तिघे तरुण मृत्यू पावले. एकतानगरीतील आमचे एक आप्तकुटुंब त्या दिवशी भिजलेली कागदपत्रे छातीशी धरून आमच्याकडे आले आणि नऊ दिवस राहिले. त्यांची लहान मुलगी नळाचा आवाज झाला तरी दचकत असे.

क्युसेक म्हणजे काय, हे आम्ही शिक्षक या नात्याने सांगतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदास सुमारे २८ लिटर पाणी. म्हणजे ३५,००० क्युसेक हे सेकंदास जवळजवळ दहा लाख लिटर झाले. आपल्या सोसायटीत येणारा दहा हजार लिटरांचा टँकर डोळ्यांपुढे आणा. तसे शंभर टँकर दर सेकंदास नदीत रिकामे होत आहेत अशी कल्पना करा. वृत्तपत्रात विसर्गाचा आकडा वाचताना ही कल्पना उपयोगी पडेल.

दुसरे गणित याहून महत्त्वाचे आहे. नदीच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. लोक समजतात की एकदा पूर येऊन गेला म्हणजे पुढची चोवीस वर्षे निश्चिंती. तसे मुळीच नाही. प्रत्येक वर्षी पंचविसांत एक एवढी शक्यता नव्याने उभी राहते. वीस वर्षांच्या कर्जावर निळ्या रेषेवरील घर घेतले, तर हप्ते फिटण्यापूर्वी एकदा तरी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरांत छप्पन्न, म्हणजे निम्म्याहून अधिक होते!

आमच्या चिरंजीवांनी काही वर्षांपूर्वी नदीकाठी सदनिका पाहिली. दर कमी, वारा भरपूर, गच्चीतून नदी दिसते. विसार द्यावयाचे जवळजवळ ठरले होते. आम्ही ‘नको’ म्हटले नाही. तीन प्रश्न लिहून दिले. पूररेषा या भूखंडाच्या कोणत्या बाजूने जाते? वाहनतळ व विजेचे मीटर किती उंचीवर आहेत? पाणी आल्यास बाहेर पडण्याचा रस्ता कोणत्या दिशेने चढतो? विकणाऱ्या गृहस्थांनी पहिल्या प्रश्नास चहा दिला, दुसऱ्यास माहितीपत्रक दिले आणि तिसऱ्यास ‘आजोबा, तुम्ही फार काळजी करता’ असे उत्तर दिले. चिरंजीव काही महिने आमच्यावर रुष्ट होते. पण वरील हिशेब त्यांनी स्वतः कागदावर मांडला आणि चढावर, थोडी लहान सदनिका घेतली. निर्णय त्यांचा होता, आम्ही फक्त पाढा म्हटला.

येथे मंगलकार्ये करणाऱ्यांसही एक विनंती. म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंतच्या नदीकाठी अनेक कार्यालये व हिरवळी आहेत. लग्न चार घटकांचे असते आणि नदी कायमची असते. काठावर भराव टाकून मिळविलेल्या प्रत्येक फुटाचे पाणी कोणाच्या तरी घरात जाते, हे यजमानांनी विसरू नये.

लग्नावरून गाण्याकडे वळतो. वरातीतील कर्ण्याचा जो गोंगाट चालतो, त्यास आम्ही गाणे म्हणत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजविण्यास कायद्याने बंदी आहे; आजारी शेजाऱ्याची कीव यावयास मात्र कायदा कशाला हवा?

ज्या पुण्यात विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली गांधर्व महाविद्यालय काढले, जेथे हिराबाई बडोदेकरांनी कुलीन स्त्रीने व्यासपीठावर बसून गावे हे समाजास मान्य करावयास लावले, आणि जेथे भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव चालविला, त्या पुण्यात आपली मुले नववीपर्यंत गातात आणि दहावीत गाणे सोडतात. ‘वर्ष महत्त्वाचे आहे’ असे आपण म्हणतो. कोणते वर्ष महत्त्वाचे नसते? दिवसाची वीस मिनिटे तानपुऱ्याशी बसल्याने कोणाचे गुण बुडाल्याचे आम्ही अडतीस वर्षांत पाहिले नाही. उलट एका जागी बसून एकच स्वर शंभरदा लावणारे मूल गणिताचे उदाहरणही दुसऱ्यांदा सोडवून पाहते.

तथापि दोन गोष्टी टाळाव्यात. आलेल्या पाहुण्यांपुढे मुलांस ‘गाऊन दाखव’ म्हणू नये. आणि परीक्षांची प्रमाणपत्रे म्हणजेच गाणे असे समजू नये. वधूपरीक्षेत ‘मुलगी विशारद आहे’ असे अभिमानाने सांगतात. लग्नानंतर तिची पेटी माळ्यावर चढते. सून पाहावयास जाणाऱ्यांनी ‘गाता येते का?’ याऐवजी ‘आमच्या घरी रियाझाला कोणती वेळ सोयीची होईल?’ असे विचारावे.

राहता राहिले घर. त्याविषयी थोडक्यात सांगतो. दिवसातून एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे. घराचा जमाखर्च मुलांपासून लपवू नये. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत कन्येस पुत्राइतकाच हक्क दिला आहे. तो रक्षाबंधनाच्या दिवशी गोड बोलून सोडवून घेऊ नये. आणि परदेशी असलेल्या मुलांच्या आईवडिलांची चौकशी शेजारी राहणाऱ्या ज्ञातिबांधवांनी करावी. या कर्वेनगरात अशी किती दारे आहेत, ज्यांच्या आत फक्त दोन म्हातारी माणसे आणि एक दूरध्वनी आहे!

बंधुभगिनींनो, १८९३ साली अण्णासाहेबांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. जात म्हणजे माणसास बाहेर घालविण्याचे साधन, अशी तेव्हाची रीत होती. ज्ञातिसंस्थेस आजच्या काळात राहावयाचे असेल, तर तिने माणूस आत घेण्याचे साधन व्हावे, मग ते माणूस आपल्या ज्ञातीचे असो वा नसो. पुराचे पाणी आडनाव विचारीत नाही, आणि सुरासही आडनाव नसते.

म्हणून कार्यकारी मंडळास तीन सूचना सादर करतो. नदी व ओढ्यांच्या काठी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची, विशेषतः एकट्या वृद्धांची, यादी दरवर्षी जूनपूर्वी तयार करावी. आणि चढावर राहणाऱ्या प्रत्येक घराने त्यांतील एका कुटुंबास आपला पत्ता व ‘केव्हाही या’ हा शब्द द्यावा. परगावी शिकणाऱ्या मुलींस, आपली जी घरे त्या त्या गावी आहेत, त्यांनी पहिला आठवडा आश्रय द्यावा. आणि महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी, कर्ण्याविना, मुलांच्या गाण्याची बैठक व्हावी. यांस निधी फारसा लागत नाही; दार उघडे ठेवण्याची तयारी लागते. पहिल्या यादीसाठी आमचे घर चढावरचे म्हणून लिहून घ्यावे, आणि पहिल्या बैठकीसाठीही तेच घ्यावे.