लवण आणि कर्पूर

छांदोग्योपनिषदात उद्दालकाने श्वेतकेतूकडून रात्री पाण्यात मीठ टाकविले आणि सकाळी ते पाणी तीन ठिकाणी चाखविले. अफझलगंजात शिकणाऱ्या मुलांनाही हीच रीत हवी. भौतिक व रासायनिक बदलांची लक्षणे मी प्रथम पाठच करवून घेतली होती. ‘आरतीतला कापूर गेला कोठे?’ या एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने मला थांबविले. मग मुलांनीच पाहिले : पाणी आटविता मीठ परत लाभते, कापराची वाफ थंड झाकणावर पुन्हा कापूर होऊन जमते. हे बदल भौतिक. जळत्या कापरावर धरलेल्या झाकणावर मात्र काजळी उरते. नवे पदार्थ निर्माण झाले, म्हणून हा बदल रासायनिक. उत्तर देण्याची घाई गुरूने करू नये, एवढीच प्रार्थना.