मोटारसायकलवरचा कॅमेरा: पैसे कशाला मोजायचे?



व्याख्यानमालेत खरेदीचा विषय काहींना हलका वाटेल. पण पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणी, माळशेज किंवा वरंधा घाटात उभे राहिले, तर हेल्मेटच्या हनुवटीवर कॅमेरा चिकटवलेले किती दुचाकीस्वार जातात ते दिसते. त्यांतले बरेचसे विद्यार्थी असतात किंवा पहिल्या नोकरीतले तरुण. त्यांना बेताचे पैसे खर्च करून राइडचे चांगले चित्रण हवे असते, आणि बाजार त्यांच्यापुढे एक आकडा ठेवतो: ‘4के’. माझे म्हणणे असे, की चालत्या गाडीवर चित्र बिघडते ते आधी थरथरीने, मग अपुऱ्या उजेडाने आणि वाऱ्याच्या आवाजाने. पिक्सेल कमी पडले म्हणून बिघडण्याची वेळ सर्वांत शेवटी येते. म्हणून ज्याचे बजेट लहान आहे त्याने नव्याकोऱ्या निनावी ‘4के’ कॅमेऱ्याऐवजी जाणत्या कंपनीचे मागच्या पिढीचे मॉडेल घ्यावे आणि वाचलेले पैसे माइक, बॅटरी व कार्डावर घालावेत.

प्रथम त्या आकड्याचा हिशेब करू. 4के चित्राची एक फ्रेम 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 83 लाख पिक्सेलची. 1080पी चित्राची फ्रेम सुमारे 20 लाख पिक्सेलची. अनेक स्वस्त कॅमेऱ्यांतला सेन्सर मुळात 83 लाख पिक्सेल टिपतच नाही. तो कमी पिक्सेलचे चित्र घेतो आणि आतले सॉफ्टवेअर ते ताणून 4केच्या मापाचे करते. फाइल मोठी होते, तपशील मात्र तेवढाच राहतो. पाणी घालून वाढवलेल्या आमटीसारखा हा प्रकार आहे. सेन्सर खरोखर 4केचा असला तरी पुढचा प्रश्न उरतोच: कॅमेरा दर सेकंदाला किती माहिती कार्डावर उतरवतो? खोलीतल्या मुलाखतीत मागची भिंत हलत नाही, म्हणून कमी माहितीत काम भागते. राइडमध्ये डांबराचा खडबडीतपणा, कडेचे गवत, झाडांची पाने, सारेच प्रत्येक फ्रेममध्ये बदलते. 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर अंतर कापते, म्हणजे 30 फ्रेमच्या चित्रणात प्रत्येक फ्रेममागे अर्ध्या मीटरहून अधिक. एवढा बदल थोड्या माहितीत दाबून बसवला की हिरव्या डोंगराचा लगदा होतो. गोप्रो कंपनीच्या 2018 सालच्या हिरो 7 ब्लॅक कॅमेऱ्यात 4के चित्रणाचा कमाल दर सेकंदाला 78 मेगाबिट होता. निनावी कॅमेऱ्याच्या खोक्यावर हा दर सहसा छापलेलाच नसतो, आणि ग्राहकही तो विचारत नाही.

आता मुख्य मुद्दा, थरथरीचा. बुलेटसारखे एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3600 फेऱ्यांनी चालत असेल, तर सेकंदाला 60 फेऱ्या होतात आणि 30 फ्रेमच्या चित्रणात एका फ्रेमच्या काळात इंजिन दोनदा फिरते. सेन्सर चित्र एका झटक्यात टिपत नाही, वरून खाली ओळीमागून ओळ वाचत जातो. पहिली ओळ वाचताना कॅमेरा एका जागी असतो, शेवटची वाचताना किंचित सरकलेला असतो. त्यातून रस्ता जेलीसारखा लपलपताना दिसतो. शिवाय खड्डे आणि गतिरोधक आहेतच. यावर उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण. कॅमेऱ्यातला जायरोस्कोप प्रत्येक हिसका मोजतो आणि सॉफ्टवेअर चित्राच्या कडेचा राखीव भाग वापरून फ्रेम जागेवर ठेवते. 2018 मध्ये हिरो 7 ब्लॅकसोबत हायपरस्मूथ नावाचे असे स्थिरीकरण आले, 2019 मध्ये डीजेआय कंपनीच्या ऑस्मो ॲक्शन कॅमेऱ्यात रॉकस्टेडी नावाचे आले, आणि लहान कॅमेऱ्याचे चित्र गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारे वेगळे उपकरण, न लावताही पाहवेल असे झाले. म्हणून माझ्या मते 2018 ही खरेदीची सीमारेषा धरावी. त्या वर्षीचा किंवा त्यानंतरचा जाणत्या कंपनीचा वरच्या श्रेणीतला कॅमेरा जुना असला तरी चालेल. स्वस्त कॅमेऱ्यांवरही ‘स्थिरीकरण’ हा शब्द असतो, पण पुष्कळदा ते 1080पीपुरतेच चालते आणि 4के निवडले की बंद पडते. ज्या आकड्यासाठी पैसे दिले, तो वापरताच गरजेची सोय जाते. आणि एक सोय फुकट मिळते: कॅमेरा हँडलवर न लावता हनुवटीवर किंवा छातीच्या पट्ट्यावर लावला, तर माणसाचे शरीरच इंजिनची बारीक थरथर शोषून घेते.

स्थिरीकरणाला एक मर्यादा आहे, ती उजेडाची. संध्याकाळी किंवा धुक्यात कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी शटर अधिक वेळ उघडे ठेवतो. त्या वेळात बसलेला हिसका फ्रेममध्येच फरफटीसारखा उमटतो आणि फ्रेम कितीही सरळ केली तरी ती फरफट पुसता येत नाही. म्हणून सेन्सरचे आकारमान महत्त्वाचे ठरते. लहान कॅमेऱ्यांत बराच काळ 1/2.3 इंच मापाचा सेन्सर रूढ होता. 2023 च्या ऑस्मो ॲक्शन 4 मध्ये 1/1.3 इंचाचा आला आणि त्याचे क्षेत्रफळ दुपटीहून अधिक आहे. ज्याच्या राइड सकाळच्या उन्हातल्या आहेत त्याला जुना लहान सेन्सर पुरतो. ज्याला पावसाळी घाट आणि दिवेलागण टिपायची आहे त्याने बजेट थोडे ताणून मोठा सेन्सर घ्यावा.

पाऊस आला की आवाजाचाही प्रश्न येतो. 2016 चा हिरो 5 ब्लॅक वेगळ्या आवरणाशिवाय 10 मीटर पाण्यात चालणारा होता. स्वस्त कॅमेरे मात्र प्लास्टिकच्या बंद डबीत घालावे लागतात. डबीत दमट हवा कोंडून काचेवर वाफ धरते, आणि बोलणाऱ्याचा आवाज बंद खोलीतून आल्यासारखा होतो. उघड्या कॅमेऱ्याचा माइकही वेगात वाऱ्याच्या घोंघाटापुढे हतबल असतो. हेल्मेटच्या गादीत बसवलेला छोटा कॉलर माइक हा त्यावरचा खरा उपाय. काही जुन्या मॉडेलांना त्यासाठी वेगळा ॲडॅप्टर लागतो आणि तो महाग पडतो. तो परवडत नसेल तर माइक खिशातल्या फोनला जोडून आवाज वेगळा मुद्रित करावा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली की नंतर चित्र आणि आवाज जुळवणे सोपे जाते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. पहिला: खिशात चांगला फोन असताना कॅमेरा हवाच कशाला? ॲपलने 2021 मध्ये स्वतःच सावध केले आहे, की शक्तिशाली मोटारसायकल इंजिनांची थरथर हँडलवरच्या आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची आणि फोकसची यंत्रणा बिघडवू शकते. पन्नास हजारांचा फोन पणाला लावून कॅमेऱ्याचे पैसे वाचत नाहीत. दुसरा: 4के असले तर संपादनात चित्र कापून जवळ आणता येते. हे खरे आहे, पण ते स्थिर आणि भरपूर माहितीचे 4के असेल तरच. फोनच्या पडद्यावर पाहणाऱ्याला तर स्वच्छ 1080पी आणि 4के यांतला फरक क्वचितच कळतो, हलते चित्र मात्र लगेच खुपते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: जुन्या वस्तूला वॉरंटी नसते. ही जोखीम नाकारता येणार नाही, पण ती तपासून कमी करता येते. बॅटरी फुगली आहे का, झाकणाचे रबर शाबूत आहे का, लेन्सच्या काचेवर ओरखडे आहेत का, हे पाहावे आणि सलग वीस मिनिटे चित्रण करून कॅमेरा तापून बंद पडतो का ते बघावे. बॅटरी नवी घेता येते, कमकुवत सेन्सर बदलता येत नाही.

कायदा आणि सुरक्षितता यांची दखलही घ्यायला हवी. 2022 मध्ये केरळच्या मोटार वाहन विभागाने हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांविरुद्ध कारवाईची भूमिका घेतली. अपघातात बाहेर आलेला कठीण भाग डोक्याला इजा करू शकतो, ही त्यामागची चिंता निराधार नाही. म्हणून हेल्मेटला भोक पाडून स्क्रू बसवणे साफ टाळावे आणि शंका असेल तिथे छातीचा पट्टा पत्करावा. चालत्या गाडीवर सेटिंग बदलणे हा तर आत्मघातच.

शेवटी हिशेब. समजा हातात 20,000 रुपये आहेत. त्यांतले दोन तृतीयांश कॅमेऱ्याला द्यावेत आणि उरलेल्यात माइक, दोन जादा बॅटऱ्या, मजबूत माउंट आणि खात्रीच्या दुकानातले, सलग चित्रण झेपणारे व्ही30 दर्जाचे कार्ड घ्यावे. सेकंदाला 60 मेगाबिटने तासाला 27 जीबी भरतात, म्हणजे 64 जीबीचे कार्ड सव्वादोन तासांत संपते. याचा विचार न करता निघालेल्याचा कॅमेरा घाटाच्या ऐन वळणावर बंद पडतो. आणि पैसे मोजण्यापूर्वी विकणाऱ्याकडे एकच मागणी करा: चालत्या गाडीवरून, खड्ड्यांच्या रस्त्यावर, एकदा दुपारी आणि एकदा तिन्हीसांजेला काढलेले दोन-दोन मिनिटांचे न कापलेले चित्रण दाखव. ते तो दाखवू शकला नाही, तर खोक्यावर 4के लिहिलेले असो की 8के, पैसे खिशातच राहू द्या.