मिलिलीटरवरचा कर



अमेरिकेत सिगारेट सोडून व्हेपिंगकडे वळलेल्या अनेकांकडे एक बाटली असते. साठ मिलिलीटरची, प्लास्टिकची, निमुळत्या तोटीची. आत ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, थोडा स्वाद आणि अगदी थोडं निकोटीन. बहुतेकदा एका मिलिलीटरमध्ये फक्त ३ मिलिग्रॅम. व्हेपर मंडळी या द्रवाला ‘ज्यूस’ म्हणतात. तो यंत्रात भरायचा, बटण दाबलं की कॉइल तापते, वाफ होते, ती ओढायची. तंबाखू जळत नाही, त्यामुळे सिगारेटच्या धुरातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात नसतं. याचा अर्थ ही वाफ निर्धोक आहे असा कुणी घेऊ नये. निकोटीनची सवय लागते ती लागतेच. पण ज्याला सिगारेट सुटत नाही त्याच्यासाठी हा मार्ग कमी धोक्याचा आहे, आणि निकोटीनच्या पट्ट्या किंवा च्युइंगमपेक्षा याने सिगारेट सुटण्याचं प्रमाण जास्त आहे, असा निष्कर्ष वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानेही काढला आहे.

आपल्याकडे २०१९ मध्ये केंद्र सरकारने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात आणि विक्री या सगळ्यावरच बंदी घातली. त्यामुळे इथे कराचा प्रश्नच उरला नाही. अमेरिकेत मात्र हा माल खुलेआम विकला जातो. तिथल्या केंद्राचा सिगारेटवर कर आहे, पण या द्रवावर त्याने कर बसवला नाही, म्हणून ते काम राज्यांनी आपापल्या परीने उरकलं. ‘उरकलं’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे.

नॉर्थ कॅरोलिना राज्याचं उदाहरण घेऊ. १ जून २०१५ पासून तिथे निकोटीन असलेल्या द्रवाच्या दर मिलिलीटरवर ५ सेंट कर लागू झाला. ऐकायला किरकोळ वाटतो. पण कागद-पेन्सिल हाताशी असेल तर मांडून बघा. साठ मिलिलीटरची बाटली, म्हणजे कर ३ डॉलर. आत निकोटीन एकूण १८० मिलिग्रॅम. आता दुसऱ्या बाजूला पॉड, म्हणजे द्रव भरूनच मिळणारी छोटी कुपी. ज्यूल कंपनीचा पॉड ०.७ मिलिलीटरचा, पण त्यातला द्रव जहाल. मिलिलीटरला ५९ मिलिग्रॅम निकोटीन. म्हणजे एका पॉडमध्ये सुमारे ४१ मिलिग्रॅम. त्यावर कर किती? साडेतीन सेंट. निकोटीनच्या एकेका मिलिग्रॅमचा हिशेब केला तर सौम्य द्रव वापरणाऱ्याने पॉडवाल्याच्या जवळपास वीसपट कर भरायचा.

अजून एक पायरी पुढे जाऊ. त्या राज्यात तेव्हा सिगारेटच्या पाकिटावर राज्याचा कर होता ४५ सेंट. रोज एक पाकीट ओढणारा माणूस आठवड्याला ३ डॉलर १५ सेंट कर भरायचा. तोच माणूस सिगारेट सोडून आठवड्याला एक साठची बाटली संपवू लागला, तर ३ डॉलर. सिगारेट सोडल्याचं बक्षीस म्हणून राज्याने त्याच्या हातावर आठवड्याचे पंधरा सेंट ठेवले. आणि त्याच राज्यातल्या विन्स्टन-सेलमची रेनॉल्ड्स ही सिगारेट कंपनी या कराच्या बाजूने होती. तिची स्वतःची व्ह्यूज नावाची ई-सिगारेट होती, छोट्या काडतुसाची. मोठ्या बाटलीवर भार पडणारा कर तिला का चालला असेल, हे वेगळं सांगायला नको.

हे कर आणताना मुलांचं नाव पुढे केलं जातं, आणि मुलांची काळजी खरीच आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अमेरिकेतल्या हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात ई-सिगारेट ओढल्याचं सांगितलं होतं. कुठल्याही आईबापाच्या पोटात गोळा यावा असा आकडा आहे. पण त्या मुलांच्या खिशात काय होतं? पॉड. खिशात लपणारा, जहाल, आणि मिलिलीटरच्या करातून साडेतीन सेंटांत सुटणारा. मुलांसाठी म्हणून लावलेला कर मुलांच्या हातातल्या वस्तूला जेमतेम शिवतो आणि वीस वर्षं सिगारेट ओढून आता ३ मिलिग्रॅमवर आलेल्या पन्नाशीच्या ट्रकचालकाकडून वसूल होतो, याचा मला मनापासून राग येतो.

अशा कराने माणूस काय करतो? सीमा ओलांडतो. शिकागो शहराने २०१६ च्या सुरुवातीपासून दर नगाला ८० सेंट आणि शिवाय दर मिलिलीटरला ५५ सेंट असा कर लावला. तीस मिलिलीटरच्या बाटलीवर नुसता शहराचा कर १७ डॉलर ३० सेंट. कित्येकदा बाटलीच्या किमतीएवढा. शेजारच्या इंडियानात तेव्हा असा करच नव्हता, आणि गाडीने तिथे जायला फार वेळ लागत नाही.

ज्याला सीमा जवळ नाही तो स्वयंपाकघरात शिरतो. ही गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. मिलिलीटरला १०० मिलिग्रॅमचं कडक निकोटीन विकत मिळतं. त्यातलं १.८ मिलिलीटर घेतलं आणि बाकी ग्लिसरीन, ग्लायकॉल, स्वाद घातला की साठची बाटली तयार. नॉर्थ कॅरोलिनाच्या दराने कर पडतो त्या १.८ मिलिलीटरवर, म्हणजे तीन डॉलरऐवजी नऊ सेंट. जाणकार माणूस हातमोजे घालून, वजनकाट्यावर मोजून हे नीट करतो. पण कडक निकोटीन त्वचेतूनही अंगात जातं, आणि लहान मुलाच्या तोंडी गेलं तर जिवावर बेतू शकतं. दुकानात पातळ करून, सील लावून विकायची वस्तू घरातल्या ओट्यावर येते, ती करापायी.

कराची दुसरी तऱ्हा टक्केवारीची. पेनसिल्व्हेनियाने जुलै २०१६ मध्ये कायदा केला आणि १ ऑक्टोबरपासून घाऊक किमतीवर ४० टक्के कर बसवला. खरा घाव पुढच्या कलमात होता. त्या दिवशी दुकानात जो माल शिल्लक असेल, त्याच्या खरेदी किमतीवरही ४० टक्के, आणि तेही नव्वद दिवसांत. वीस हजार डॉलरचा माल फळीवर असलेल्या दुकानदाराने, त्यातली एक बाटलीही विकली गेली नसताना, आठ हजार डॉलर आणायचे कुठून? सुरुवातीला तर बॅटरी आणि कॉइलवरही हा कर होता. सुट्या विकल्या जाणाऱ्या भागांवर तो लावता येणार नाही, असं तिथल्या न्यायालयाने सांगितलं ते २०१८ मध्ये. तोवर शंभराहून अधिक दुकानं बंद पडल्याच्या बातम्या येऊन गेल्या होत्या. ही दुकानं म्हणजे नवख्याला बारा मिलिग्रॅमवरून सहावर, सहावरून तीनवर कसं उतरायचं ते दाखवणारी जागा होती. ती गेल्यावर त्याच रस्त्यावरचा पेट्रोलपंप उरला. तिथे सिगारेटही मिळते आणि पॉडही.

मिनेसोटात हा कर घाऊक किमतीच्या ९५ टक्क्यांवर गेला. तिथल्या प्रौढांच्या सवयींचा अर्थतज्ज्ञ सॅफर, ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. हा कर नसता तर आणखी ३२,४०० सिगारेट ओढणाऱ्यांनी सिगारेट सोडली असती, असा त्यांचा अंदाज निघाला. अंदाजच आहे, पण तो ज्या दिशेला बोट दाखवतो ती दिशा माझ्या मनातून जात नाही.

कर नकोच, असं मी म्हणत नाही. हिशेब दुरुस्त करता येतो. न्यू जर्सीने, जिथे एडिसनच्या आसपास आपली कितीतरी मराठी घरं आहेत, २०१८ मध्ये सरसकट मिलिलीटरला १० सेंट लावले होते. साठच्या बाटलीवर सहा डॉलर. पुढच्या वर्षी पॉडचा दर तसाच ठेवून बाटलीवर किरकोळ किमतीच्या १० टक्के असा वेगळा कर केला. वीस डॉलरच्या बाटलीवर सहाचे दोन झाले. कॅन्ससने २० सेंटांचा दर २०१७ मध्ये ५ सेंटांवर आणला.

ब्रिटनची गोष्ट याच्या उलट घडली. २०२४ च्या वसंतातल्या अर्थसंकल्पात तिथे तीन पायऱ्या मांडल्या होत्या. दहा मिलिलीटरला निकोटीन नसेल तर एक पौंड, सौम्य असेल तर दोन, कडक असेल तर तीन. शरद ऋतूत नव्या सरकारने त्या पुसून सगळ्यांना एकच दर ठरवला, २ पौंड २० पेन्स, आणि अंमलबजावणीसाठी १ ऑक्टोबर २०२६ ही तारीख नेमली. त्याबरोबर शंभर सिगारेटींमागेही २ पौंड २० पेन्स वाढवायचं ठरलं, म्हणजे सिगारेट सोडणाऱ्याचा फायदा शाबूत राहावा. एवढं त्यांनी बरोबर केलं. पण उतरत उतरत तीनवर आलेला माणूस आणि वीसवर अडकलेला माणूस यांना एकाच मापाने मोजायचं, ही चूक अमेरिकेतल्या राज्यांनी आधीच करून दाखवली होती, आणि तिचे आकडे लंडनच्या अर्थखात्याला कधीही मागवून वाचता आले असते.