स्वस्तातले हिरे

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहीजण हसतील. मोबाइलवर मुले जे खेळ खेळतात, त्या खेळांत एक निराळेच चलन चालते. ते चलन चोरवाटेने स्वस्तात विकणारे लोक असतात. त्यांच्यापासून कोणता धोका आहे, याविषयी मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. शेतीचे, पाण्याचे, शाळेचे एवढे प्रश्न पुढ्यात असताना हा पोरखेळ कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या मोबाइलवर मुलगा संध्याकाळी खेळतो, त्याच मोबाइलला पुष्कळ घरांत बँकेचे खाते जोडलेले असते. दुधाचे बिल त्याच खात्यात जमा होते, किसान सन्मान निधीचा दोन हजारांचा हप्ताही तेथेच येतो. तेव्हा हा पोरखेळ घरच्या तिजोरीच्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे.

प्रथम हे चलन म्हणजे काय ते पाहू. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ नावाचा एक खेळ आहे. मुले त्याला ‘बीजीएमआय’ म्हणतात. त्यातल्या नाण्याला ‘यूसी’ म्हणतात. ‘फ्री फायर मॅक्स’मध्ये ‘डायमंड’, म्हणजे हिरे असतात, तर ‘रोब्लॉक्स’मध्ये ‘रोबक्स’. खरे रुपये मोजून ही नाणी घ्यावयाची आणि त्यांतून खेळातल्या आपल्या शिपायासाठी नवा पोशाख, बंदुकीवरची नक्षी असे काहीबाही घ्यावयाचे. जत्रेत आपण पाळण्याचे तिकीट काढतो ना? ते पाळणेवाल्यापाशीच चालते. त्यावर वाणी गूळ देत नाही. हे तसेच आहे. खेळाच्या कंपनीच्या नियमांत तर साधारणपणे असे असते की, ही नाणी खेळाडूच्या मालकीची नव्हेतच. वापरण्याची परवानगी तेवढी त्याला मिळते. (पैसे लावून जे खेळ खेळतात त्यांच्यावर संसदेने २०२५ साली कायदा करून बंदी घातली. तो विषय वेगळा. मी येथे जुगाराविषयी बोलत नाही.)

आता विक्रेता पाहू. तो टेलिग्रामवर असतो, इन्स्टाग्रामवर असतो, गावातल्याच एखाद्या व्हॉट्सअॅप गटावरही असतो. ‘भावा, निम्म्या दरात यूसी, पाच मिनिटांत खात्यावर,’ अशी त्याची भाषा. बरोबर दहा-वीस जणांच्या पावत्यांची चित्रे लावलेली. अशा चित्रांत वाटेल ते लिहिता येते, हे चौदा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार?

बैलबाजारात लाखाची जोडी कोणी तीस हजारांत देऊ लागला, तर आपण आनंदाने खिशात हात घालीत नाही. आधी त्याच्या तोंडाकडे पाहतो, मग पावती मागतो. कारण जनावर चोरीचे असेल तर मूळ मालक उद्या दारात उभा राहील, जोडी घेऊन जाईल आणि आपले तीस हजारही बुडतील, हे आपल्याला ठाऊक असते. विकणाऱ्याचे जे नाही, त्याची मालकी तो दुसऱ्याला सामान्यतः देऊ शकत नाही, हे १९३० च्या मालविक्री कायद्यातही आहे. खेळातल्या नाण्यांबाबत हाच प्रश्न विचारला पाहिजे. कंपनी ज्या भावाने विकते त्याच्या निम्म्याने याला कशी परवडतात?

त्याचे एक उत्तर असे. कोठेतरी, पुष्कळदा परदेशात, कोणाच्या तरी क्रेडिट कार्डाचा तपशील चोरीला जातो. चोराला त्या कार्डावरून रोकड काढणे अवघड असते. कार्डाने वस्तू मागवावी तर पत्ता द्यावा लागतो. खेळातल्या नाण्यांना मात्र ना गाडी लागते ना पत्ता. ती क्षणात मिळतात, आणि निम्म्या किमतीत विकली की हाती स्वच्छ पैसा येतो. भांडवल दुसऱ्याचे असल्यामुळे ती निम्मी किंमत म्हणजे सगळा नफाच. काही दिवसांनी कार्डाच्या मालकाला पत्ता लागतो. तो बँकेकडे तक्रार करतो, आणि बँक ती रक्कम परत वसूल करते. मग कंपनी काय करते? ज्याच्या खात्यावर ती नाणी गेली त्याच्याकडून काढून घेते. ती खर्च झाली असतील तर शिल्लक शून्याच्याही खाली जाऊ शकते; पुष्कळदा खातेच बंद होते. चोर केव्हाच पसार झालेला असतो. सापडतो तो नववीतला मुलगा, आणि आपण काय केले हेही त्या बिचाऱ्याला उमगत नाही.

हे मी तर्काने सांगत नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ‘जॅजेक्स’ या कंपनीचा ‘रूनस्केप’ नावाचा खेळ आहे. त्यातले सोने बाहेर विकणाऱ्यांनी चोरीची कार्डे वापरण्याचा असा सपाटा लावला की, २००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या आरंभी कंपनीने खेळाडूंमधली खुली देवाणघेवाणच बंद केली. प्रामाणिक खेळाडू चिडले, कित्येक सोडून गेले. ती मोकळीक परत मिळायला २०११ साल उजाडले. पुढे २०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ‘वाल्व्ह’ कंपनीने ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळातल्या नव्याने घेतलेल्या किल्ल्यांची खरेदीविक्री थांबविली. या किल्ल्या नाण्यांसारख्याच हातोहात फिरत. बाजारात विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या किल्ल्या फसवणुकीच्या पैशातल्या असाव्यात, असे कंपनीने त्या वेळी उघड सांगितले. ‘जवळजवळ सगळ्या’ हे शब्द मला फार बोलके वाटतात. विकणाऱ्यांत थोडे लबाड असतात असे तिचे म्हणणे नव्हते. बाजारच चोरीवर उभा आहे, असे होते.

दुसरा प्रकार अगदी साधा, आणि आपल्याकडे तोच जास्त ऐकू येतो. विक्रेता पैसे घेतो आणि नाहीसा होतो. किंवा तो म्हणतो, ‘तुझ्या खात्यात शिरून मी नाणी टाकतो, पासवर्ड आणि ओटीपी दे.’ नाणी घालावयाला खेळाडूचा क्रमांक पुष्कळ होतो. पासवर्ड मागणारा नाणी घालावयाला येत नाही, खाते न्यावयाला येतो. किंवा दोन दिवसांनी म्हणतो, ‘माल मिळाला नाही ना? पैसे परत देतो, हा क्यूआर स्कॅन कर आणि पिन टाक.’ श्रोतेहो, पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसा आपल्या घरातून बाहेर जातो. ‘फुकट हिरे’ देणारी अॅप्स तर उतरवूनच घेऊ नयेत. त्यांतली पुष्कळशी मोबाइलमधले संदेश वाचण्यासाठीच बनविलेली असतात.

यापेक्षाही वाईट एक गोष्ट आहे. काही दिवसांनी तोच विक्रेता मुलाला म्हणतो, ‘तूच का विकत नाहीस? गिऱ्हाइकाचे पैसे तुझ्या खात्यावर घे, दहा टक्के तुझे, बाकी मला पाठव.’ मुलाला वाटते, आपण कमवू लागलो. खाते अर्थातच वडिलांचे. त्या खात्यात एखाद्या फसवणुकीचे पैसे आले, तक्रार झाली, की दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरूनही बँक ती रक्कम, कधी सगळे खातेच, गोठवून ठेवते. वडील बियाण्याला पैसे काढावयाला जातात आणि कारकून सांगतो, ‘खाते बंद आहे.’ का, ते त्यालाही धड सांगता येत नाही. पेरणीचे दिवस आणि खेटे मात्र परगावच्या पोलीस ठाण्याचे!

मग करावे काय? मुलाला खेळच बंद, असे सांगून भागत नाही. तो शेजारच्या मोबाइलवर खेळतो. नाणी घ्यावयाचीच असतील तर खेळाच्या आतून, किंवा कंपनीने स्वतः नाव जाहीर केलेल्या दुकानातून घ्यावीत, आणि पैसे देताना मोठ्या माणसाने जवळ बसावे. अॅप विकत घेण्याच्या दुकानात खरेदीपूर्वी पासवर्ड विचारण्याची सोय असते, ती चालू करून ठेवावी. घरात दुसरा साधा मोबाइल असेल तर बँकेचे काम त्यावर न्यावे.

शिक्षकांना एक विनंती. अशा प्रकरणात मूल पहिल्यांदा घरी बोलत नाही. मार बसेल ही भीती असते, आणि त्याहून मोठी लाज असते. विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते. ‘कोणाला सांगितलेस तर तुझेच नाव पोलिसांत देईन,’ अशी धमकीही तो देतो. म्हणून वर्गात एकदा तरी मुलांच्या भाषेत हा विषय काढा. ‘तुमच्यातले कोण फसले?’ असे विचारू नका. ‘स्वस्त यूसी कुठे मिळतात रे?’ असे सहज विचारा. अर्धा वर्ग तुम्हाला शिकवू लागेल. त्याच दिवशी एखादा मुलगा मधल्या सुटीत मागे रेंगाळेल. त्याला रागावू नका, वेळ घालवू नका.

कारण येथे तासांचा हिशेब आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली जे नियम घालून दिले त्यांत, ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल तर बँकेला कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे, असे म्हटले होते. फसवणूक कळविण्याचा दूरध्वनी क्रमांक १९३०. मालविक्री कायद्याचे सालही तेच, तेव्हा लक्षात ठेवावयाला सोपा. लवकर कळविले तर पैसा पुढच्या खात्यातून निसटण्याआधी अडविता येतो. ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. विक्रेत्याशी झालेले संभाषण रागाने पुसून टाकू नये, त्याची चित्रे काढून ठेवावीत. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ कागदावर लिहून घ्यावी, आणि तोच कागद घेऊन बँकेच्या शाखेत जाऊन लेखी अर्जाची पोच घ्यावी. खेळातले खाते गेले असेल तर खेळाच्या मदत विभागाकडे लिहावे. खाते आपलेच, हे दाखवावयाला पूर्वीच्या रीतसर खरेदीच्या पावत्या कामास येतात. त्या ईमेलवर आलेल्या असतात.