गावचे दप्तर आणि बंद कपाटातील उन्हाळा
(पंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कर-आकारणीची नोंदवही, जन्म-मृत्यूचे दाखले, शाळेची जनरल रजिस्टरे यांच्या प्रती आता संगणकात ठेवल्या जातात. कार्यालयातील सर्व संगणकांना मिळून एकच सामायिक साठवण असावी, म्हणून आपण नेटवर्क स्टोरेजचे छोटे यंत्र घेतो आणि चोरी-धुळीच्या भयाने ते भिंतीतल्या कपाटात कुलूपबंद करतो. हेतू चांगला असला तरी धोका नेमका येथेच आहे.

यंत्र जेवढी वीज घेते, तेवढी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. दोन डिस्कचे यंत्र साधारणतः १५ ते २५ वॅट घेते. ही उष्णता बंद कपाटात साचत जाते. अशी बहुतेक यंत्रे भोवतालची हवा ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत असेल असे गृहीत धरून बनविलेली असतात. विदर्भात मे महिन्यात बाहेरच पारा ४५ अंशांवर जातो. मग कपाटातील स्थिती काय असेल?

म्हणून खरेदीपूर्वी एक साधी परीक्षा करावी. रिकाम्या कपाटात २५ वॅटचा जुना तारेचा दिवा व तापमापक ठेवून, दार लावून, भर दुपारी तीन-चार तासांनी वाचन घ्यावे. कोणी तरी जवळ थांबावे. पारा ४० च्या वर गेला, तर ती जागा यंत्राची नव्हे.

आता निवडीविषयी. आपली गरज आपण समजतो त्याहून पुष्कळच लहान असते. एक पान ३०० केबीचे धरले, तरी एक लाख पाने ३० जीबीत मावतात. तेव्हा चार-सहा डिस्कच्या मोठ्या यंत्राचा मोह टाळावा. १ टीबीच्या दोन एसएसडी पुरेशा होत. त्या हार्ड डिस्कपेक्षा सामान्यतः कमी तापतात. हार्ड डिस्कच घ्यावयाची असेल, तर ७२०० फेऱ्यांऐवजी ५४०० फेऱ्यांची घ्यावी. तापमान वाढताच सूचना देणारे व आपोआप बंद होणारे यंत्र पसंत करावे.

कपाटाच्या दाराला खाली व वर जाळीच्या खिडक्या ठेवाव्यात. गरम हवा वरून निघते, थंड हवा खालून येते. जाळी दरमहा झाडावी. पत्र्याखालची आणि पश्चिमेच्या भिंतीतली जागा टाळावी. यूपीएस त्याच कपाटात ठेवू नये. तो स्वतः उष्णता देतो आणि उष्णतेने त्याच्या बॅटरीचे आयुष्यही घटते.

एक गैरसमज मात्र दूर व्हावयास हवा. दोन डिस्कवर एकच मजकूर उमटतो, म्हणजे तो सुरक्षित झाला असे नव्हे. चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून एकदमच जाते. कपाट तापले तर दोन्ही डिस्क एकाच कपाटात तापतात. यास्तव दर आठवड्यास एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे.

दाखल्यासाठी दाराशी आलेल्या विधवेला किंवा विद्यार्थ्याला यंत्र का बंद पडले, याच्याशी कर्तव्य नसते; त्यांना त्यांचा कागद हवा असतो. तो मिळेल याची तजवीज उन्हाळ्यापूर्वीच करणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.